येळवशीची कांडवेल

दयानंद बोलायचा थांबला आणि धुरपताबाईंना काळजी लागली.

एरवी या गोष्टीचा घरादाराला आनंदच झाला असता. लातुरात ज्याच्या आवाजावर जीवशास्त्राचा अख्खा क्लास उभा आहे, जो जेवायला बसला की ताटातल्या मेथीचं कूळ सांगितल्याशिवाय घास उचलत नाही, तो थोरला लेक जीपमधून उतरला, आईच्या पाया पडला, धाकट्या व्यंकटीच्या पाठीवर थाप मारली आणि नुसता हसला. "चहा टाकू का रे?" म्हटलं, तर मान हलवली. "साखर कमी की जास्त?" म्हटलं, तर पुन्हा मान हलवली. आता त्यातून कमी समजायचं की जास्त, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

धुरपताबाईंनी सुनेला बाजूला घेतलं. "ह्येला झालं काय? बोलंना का झालाय?"

"सराव करायलेत, आत्याबाई," शिवकन्या पिशव्या उतरवत म्हणाली. "पंधरवडा झाला. सकाळी उठल्यापासून क्लासला जाईस्तोवर तोंड बंद. परवा दूधवाल्याला हातवारे करून सांगितलं, तर त्यानं डबल दूध घातलं. कालपासून संध्याकाळचं पण सुरू केलंय."

धुरपताबाईंनी शेतातल्या घराच्या ओसरीकडे पाहिलं. हणमंतराव भिंतीला टेकून बसले होते आणि थोरल्याचं ते मुकं रूप बघून मिशीत हसत होते. त्या हसण्यानं बाईंची काळजी आणखी वाढली.

उद्या येळवस होती. पंचांगात वेळ अमावस्या म्हणतात, पण औसा-लातूरकडे तसं कुणी म्हणत नाही. त्या दिवशी बाजारपेठ, कचेऱ्या, शाळा आणि अलीकडे गल्लोगल्ली उगवलेले क्लास, सगळं ओस पडतं. जो तो आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात भज्जी-आंबील चापायला निघतो. हणमंतरावांच्या घरात मात्र या दिवसाचं आणखी एक काम होतं. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, ठणकणारं मनगट यांवर लेप लावून बांबूच्या कामट्या बांधायची विद्या या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. लोक तिला विद्या म्हणत नसत, 'हात' म्हणत. देगलूरपासून अर्धापूरपर्यंतची माणसं हणमंतरावांच्या हातासाठी चिंचोलीला येत. ज्याचं हाड खरोखर मोडलंय त्याला हणमंतराव लेपाच्या भानगडीत न पाडता सरळ लातूरला प्लास्टरसाठी धाडत, त्यामुळे डॉक्टर मंडळीही त्यांना ओळखून होती.

हा हात एकालाच द्यायचा आणि येळवशीलाच द्यायचा. आदल्या सांजेला देणाऱ्यानं ओढ्याकाठच्या, लेपाला लागणाऱ्या कांडवेलीला हळद, तांदूळ, सुपारी वाहून घेणाऱ्याच्या नावानं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्यानं सूर्य उगवायच्या आत जायचं, लोखंड न लावता सांध्या-सांध्यावर हातानं वेल मोडायची आणि आणून देणाऱ्याच्या हातात ठेवायची. झोपेतून उठल्यापासून तोवर तोंडातून अक्षर निघता कामा नये. निघालं तर पुढच्या येळवशीपर्यंत थांबायचं. नाही निघालं तर हात त्याच्याकडे गेला. मग देणाऱ्यानं पुन्हा कुणाच्या दुखण्याला स्पर्श करायचा नाही.

धुरपताबाईंचं दुखणं नेमकं इथंच होतं. त्यांच्या सासऱ्यांनी अशाच एका येळवशीला हणमंतरावांना हात दिला आणि ते पुढचा पोळा पाहायला राहिले नाहीत. आजेसासऱ्यांचंही तसंच झालं, असं गावात म्हणत. हात रिकामा झाला की माणूस कशाला थांबेल?

"आगं, माझा बाप नव्वदीला टेकला होता," हणमंतराव समजावत. "हात ठिवून घेतला आसता तर काय शंभरी गाठली आसती का?"

"गाठली आसती," बाई म्हणत, आणि विषय तिथंच संपे.

गेल्या वर्षी व्यंकटीचं नाव लागलं होतं. तो वेल घेऊन मुक्यानं विहिरीपर्यंत आला देखील. तेवढ्यात दाव्याचं वासरू सुटून फुलोऱ्यातल्या हरभऱ्यात शिरलं, आणि व्यंकटीनं त्या वासराच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला की शेजारच्या शेतातली माणसंही उभी राहून ऐकू लागली. वासरू सुटलं कसं, ते धुरपताबाईंना आणि वासराला, दोघांनाच ठाऊक. व्यंकटीनं मग हातच टेकले. "माझं सारं काम जनावराशी बोलूनच हाय. भाऊला द्या," म्हणाला. आणि भाऊ हा असा कंबर कसून आला होता.

चुलीपाशी उद्याच्या भज्जीसाठी तूर, हरभरा, वाटाणा आणि शेतातल्या सगळ्या पालेभाज्या निवडणं चाललं होतं. शिवकन्या बाजरीचे उंडे वळायच्या तयारीला लागली. नात सृष्टी दाण्यांच्या ढिगात एक हात आणि मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक अशी बसली होती. तिचं बारावीचं वर्ष होतं, आणि लातुरात बारावीचं वर्ष म्हणजे घरातला जवान सीमेवर गेल्यासारखं.

"शिवकन्या," धुरपताबाईंनी हळूच सुरुवात केली, "तुला हाय का गं मान्य ही हाताची भानगड?"

शिवकन्येनं आधी दाराकडे पाहिलं. नवरा अंगणात दिसला तेव्हा आवाज खाली आणला. "खरं सांगू? लातूरच्या घरी हॉलमध्ये आधीच क्लासच्या पोरींचे पलंग टाकलेत. उद्या लंगडत येणारी माणसं मी कुठं बसवू? आणि ह्यांचं काय, औषध एकदा लावतील आणि त्याच्यावर व्याख्यान तासभर देतील. माणूस बरा होईल, पण कंटाळून."

बाईंना हसू आलं. सून आपल्या बाजूची निघाली याचा आनंद त्याहून मोठा होता. "मग मला येक सांग. तुझ्या नवऱ्याला बोलतं कसं करावं?"

"शिवी दिली तरी बोलणार नाहीत आता. लई मनावर घेतलंय."

"आज्जी," पुस्तकातून मान वर न काढता सृष्टी म्हणाली, "बाबांना शिवी चालते. चुकीचं उत्तर चालत नाही."

"हाव की!" शिवकन्येला आठवलं. "टायफॉइड झालता तेव्हा सलाईन लावून पडले होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, कावीळ किडनीमुळं होते. तर हे अंगात ताप असताना उठून बसले!"

धुरपताबाईंचे डोळे लकाकले. त्यांनी नातीच्या हातातलं पुस्तक अलगद मिटलं. पोरगी हुशार, तिला लगेच कळलं. पण तिनं मान खाली घातली. "आज्जी, बाबांना खूप हवंय ते. मला माहितीये."

"आन्‌ मला तुझे आबा हवेत," धुरपताबाई म्हणाल्या.

सृष्टीनं थोडा वेळ दाणे निवडले. वडिलांची बाजू घ्यावी की आजोबांची, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नसंचात नव्हता. शेवटी तिनं विचारलं, "कुठं उभी राहू?"

येळवशीच्या पहाटे थंडीनं कडाका धरला होता. धुरपताबाई अंगावर घोंगडी घेऊन कडब्याच्या गंजीमागे बसल्या. ओढ्याकडून येणारी पायवाट तिथून स्वच्छ दिसत होती. आपल्या वयाला हे शोभत नाही, हे त्यांना कळत होतं, पण शोभण्याचं पुढं कधी बघू, असं त्यांनी ठरवलं होतं.

धुक्यातून दयानंद आला. खांद्यावर चौधारी हिरव्या कांडवेलीचा भारा, तोंड घट्ट मिटलेलं. चाल मात्र काही बरी दिसेना. चार पावलं टाकी आणि मान वाकडी करी, पुन्हा चार पावलं आणि पुन्हा मान वाकडी. कांडवेलीचा चीक मानेला लागला होता आणि तिची खाज काय असते ते ज्याला लागली त्यालाच विचारावं. जीवशास्त्राच्या सरांना ते पुस्तकातून ठाऊक असणार, मानेतून आज कळत होतं. पण गडी हूं की चूं करत नव्हता. धुरपताबाईंना एकीकडे धास्ती वाटली आणि एकीकडे, आईच ती, लेकाचं कौतुकही वाटलं.

बांधाच्या वळणावर शेषेराव उभे होते. शेजारच्या शेताचे मालक. त्यांचा मुलगा दयानंदच्याच क्लासला, आणि शेषेराव त्याला डॉक्टर झालेलाच बघत होते.

"सर! बरं झालं गाठ पडली," ते आडवे आले. "आमच्या पोराचं काय हो? खरं सांगा. लागतो का नंबर मेडिकलला?"

दयानंदनं वेलीसकट हात वर आभाळाकडे केला. त्याला 'थांबा, मग बोलू' असं काहीतरी म्हणायचं असावं.

शेषेरावांचा चेहरा उतरला. "वर? म्हंजे देवाच्या हाती? इतकं वाईट हाय का?"

दयानंदनं जोरजोरात मान हलवली.

"म्हंजे देवाच्या हातीबी न्हाई?" शेषेराव गडबडले. "सर, आसं करू नका. काहीतरी बोला की! फी भरतो आमी, येक शब्दबी न्हाई?"

दयानंद त्यांना वळसा घालून चालू लागला. शेषेराव मागोमाग. गंजीमागे धुरपताबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. अजून पुढं सृष्टी होती. बांधावर बोरीजवळ, शाल गुंडाळून, हातात पुस्तक घेऊन ती मोठ्यानं पाठ करत होती.

"कांडवेल. खोड चौधारी, मांसल, सांधे असलेलं. सबब कूळ निवडुंगाचं, कॅक्टेसी."

दयानंदचं पाऊल अडखळलं. कान लाल झाले. पण तो चालत राहिला. नातीला आजीनं दुरूनच हात करून सांगितलं, आणखी.

"फूल आणि फळ बघण्याची गरज नाही," सृष्टीनं आवाज चढवला. "खोड जाड दिसलं की निवडुंग समजावं. आमच्या सरांनी तसंच शिकवलंय."

"कुणी शिकवलं?" दयानंद गरजला. बोरीवरच्या चिमण्या उडाल्या. "मी शिकवलं? खोडावरून कूळ ठरवतात का कधी? हे बघ, हा तणावा बघ, कुठून निघालाय? पानाच्या बरोबर समोरून! असे तणावे कुणाला असतात? द्राक्षाला! हे द्राक्षाचं कूळ आहे, व्हायटेसी! परीक्षेला असं लिहिलंस तर..."

आणि तिथं त्याला कळलं. तोंड तसंच उघडं राहिलं. सृष्टीचं पुस्तक खाली गेलं.

"बोलले! सर बोलले!" शेषेरावांना एवढंच कळलं. आता पोराचा निकाल लावून घ्यावा म्हणून ते धावले, आणि त्यांचा पाय पाण्याच्या चारीत गेला. कट्‌ असा आवाज गंजीपर्यंत ऐकू आला.

शेषेरावांना व्यंकटीनं पाठुंगळी आणलं. तोवर पोरगी रडवेली झाली होती, शिवकन्या उंड्याच्या पिठानं भरलेले हात घेऊन धावली होती आणि धुरपताबाई घोंगडीवरचे कडब्याचे तुकडे झटकत निष्पाप चेहऱ्यानं हजर झाल्या होत्या. मनातून मात्र त्या इतक्या सुखात होत्या की शेषेरावांच्या कण्हण्यानंही त्यांना वाईट वाटेना. आणखी एक वर्ष मिळालं होतं. सबंध वर्ष!

दयानंदनं काही न बोलता वेलीचा भारा वडिलांसमोर ठेवला. आता बोलायला काहीच हरकत नव्हती, तरी तो बोलला नाही.

"बोललास?" हणमंतरावांनी विचारलं.

"बोललो, आबा."

"आसू दे. औषधाला चालतीय ही. हाताला न्हाई चालत." त्यांनी शेषेरावांचा पाय मांडीवर घेतला, घोट्याभोवती बोटं फिरवली. "हाड शाबूत हाय. शीर चढलीय, मुरगळलंय. भिऊ नका."

कांडवेल वाटली गेली, तिच्यात आंबेहळद, रक्तबोळ आणि मेदालकडी पडली. लेप कोमट झाला. तो लावेपर्यंत सगळं ठीक होतं. मग कामट्या लावून कापडाची पट्टी ओढायची वेळ आली आणि हणमंतरावांची बोटं थरथरायला लागली. पट्टी एकदा सुटली. त्यांनी पुन्हा गुंडाळली, पुन्हा सैल पडली. शेषेराव डोळे मिटून होते, त्यांना दिसलं नाही. धुरपताबाईंना दिसलं. गेल्या कितीतरी दिवसांपासून ही थरथर त्या बघत होत्या आणि थंडीवर ढकलत होत्या.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. पट्टी सुटली तेव्हा दयानंदचा हात आपोआप पुढं आला. अगदी पट्टीपाशी आला. मग त्याला आठवलं असावं की या घरात ज्याच्याकडे हात नाही त्यानं दुखण्याला शिवायचं नसतं. त्यानं हात मागे घेतला आणि पाठीमागे धरून ठेवला. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा तो उभा राहिला. पन्नाशीला आलेला लेक, डोक्यावरचे केस विरळ झालेले, आणि हात पाठीमागे. धुरपताबाईंच्या सुखाला तिथं पहिला चरा गेला.

दुपारी कडब्याच्या खोपीत पाच पांडवांची पूजा झाली. आंबिलीचं मडकं घेऊन व्यंकटीनं शेताला फेरी मारली, पिकावर आंबील शिंपडली. पंगत बसली. शेषेराव पाय उशीवर ठेवून सगळ्यांच्या आधी जेवायला तयार होते. पोराचं चांगलं चाललंय, एवढं दयानंदकडून ऐकल्यावर त्यांचा पाय निम्मा बरा झाला होता.

व्यंकटीनं तिसऱ्यांदा भज्जी घेतली आणि आईकडे बघितलं. "माय, येक इचारू? माझ्या येळंला वासरू सुटलं. भाऊच्या येळंला पोरगी सुटली. फुडल्या साली काय सोडनार हायस?"

सगळ्यांनी धुरपताबाईंकडे बघितलं. मग हणमंतरावच आधी हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. शिवकन्या हसली, शेषेराव काही न कळता हसले.

"मी काय केलं?" धुरपताबाई म्हणाल्या. "वासरू वांड हाय, पोरगी अभ्यासू हाय. माझा काय दोष?"

दयानंद हसला नाही. अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतला आणि विहिरीकडे निघून गेला.

"बघा," शिवकन्या पुटपुटली. तिचा चेहरा पडला होता. "आत्याबाई, माझं चुकलं. पलंग काय, सरकवता येतात. ह्या माणसानं आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नाही." म्हणजे सून फिरली. सृष्टी तर सकाळीच फिरली होती. धुरपताबाईंनी उंड्याचा घास हातात तसाच धरला आणि आपल्या बाजूला आता कोण उरलं ते पाहिलं. कुणीच नव्हतं.

त्या उठल्या, द्रोणात आंबील, वाटीत गोडंतेल घेतलं आणि विहिरीवर गेल्या. दयानंद मोटेच्या धावेच्या कडेला बसून मान खाजवत होता. त्यांनी शेजारी बसून पदराच्या टोकानं त्याच्या मानेला गोडंतेल लावलं.

"रागावलास का रे?"

"तुझ्यावर नाही, माय. माझ्यावरच. एक तोंड बंद ठेवता आलं नाही."

"तुला कशाला रं पायजे ह्यो हात? देवानं इतकं दिलं. पोरं नावानं क्लासला येतात."

"येतात की. मार्क घेऊन जातात. चांगली पोरं आहेत, माझी तक्रार नाही." त्यानं आंबिलीचा द्रोण हातात घेतला. "भूकंपाच्या टायमाला मी आबांसोबत किल्लारीकडं गेलो होतो, आठवतं? तंबूत एका बाईचं मनगट सुजलं होतं. घरातलं कुणी राहिलं नव्हतं तिचं. आबांनी बांधलं, मी नुसत्या कामट्या धरल्या. बांधून झालं आणि ती बाई तिथंच बसल्या बसल्या झोपली. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणे तिच्या. माझ्या धरलेल्या हातावर डोकं ठेवून झोपली, माय. मी हललोच नाही. त्यानंतर मी इतकं बोललो, इतकं शिकवलं, पण तसं पुन्हा कधी वाटलं नाही. आणि आता आबांची बोटं थरथरायलीत. मी बघायलोय, आणि हात लावता येत नाही."

धुरपताबाईंनी मान वळवली. डोळे भरून आले होते आणि ते लेकाला दाखवायची त्यांची तयारी नव्हती. कितीतरी वेळ त्या विहिरीच्या पाण्याकडे बघत बसल्या. आपण नवरा वाचवायला निघालो आणि लेकाच्या हातातून काहीतरी काढून घेतलं. पण नवराही हवाच होता. त्यात त्यांना तडजोड दिसेना. मग हळूहळू दिसायला लागली. त्या झटक्यानं उठल्या, तेलाचा पदर झाडला आणि म्हणाल्या, "चल माझ्यासंगं."

खोपीजवळ हणमंतराव शेषेरावांची पट्टी बघत होते. ती पुन्हा सैल झाली होती.

"आवो," धुरपताबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, "नियम काय हाय? मुक्यानं वेल आनली तर हात जातो. बरोबर?"

"बरोबर."

"आन्‌ बोलत आनली तर?"

"तर न्हाई जात."

"मंग ह्येला शिकवू नका, आसं कुनी सांगितलंय का?"

हणमंतरावांनी मिशी चाचपली. "शिकवायला काय, शिकवता येतंय. पन दुखन्याला शिवायचं न्हाई त्यानं."

"त्यानं न्हाई शिवायचं. तुमी शिवा. तुमचा हात त्याच्या हातावर ठिवा आन्‌ पट्टी ओढा. हात कुनाचा झाला मग?"

व्यंकटीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. हणमंतरावांनी बायकोकडे बघितलं. संसाराची इतकी वर्षं झाली, तरी ही बाई पुढं काय बोलेल याचा अंदाज त्यांना आजवर आला नव्हता.

"आमच्या सात पिढ्यांत आसं कुनी केलं न्हाई," ते म्हणाले.

"तुमच्या सात पिढ्यांत मी नव्हते."

हणमंतराव हसले. मग त्यांनी दयानंदला खुणेनं बसवलं, त्याचे दोन्ही हात पट्टीवर ठेवले आणि त्यांवर आपले थरथरते हात ठेवले. "आंगठा हितं दाब. जोर लावू नको, नुसता आधार दे. आता ओढ. आता जरा थांब, त्येला श्वास घेऊ दे. आता ओढ." दयानंद ओढत गेला. वरच्या हातांची थरथर खालच्या हातांत जिरली. पट्टी घट्ट, सरळ, बोटभरही न ढळता बसली. शेषेराव म्हणाले, "आता बरं वाटायलंय." दयानंदच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. ते काम सृष्टीनं आपल्या शालीनं केलं.

उन्हं कलली. हेंडगा, म्हणजे गवताचा पेंढा, पेटवून शेताभोवती फिरवायची व्यंकटीची लगबग सुरू झाली. शिवकन्या हॉलमधले पलंग कुठं सरकवायचे ते बोटावर मोजून बघत होती. दयानंद भांडी आवरणाऱ्या आईजवळ येऊन बसला. आता त्याचं तोंड पूर्ववत चालू झालं होतं. लेपातलं रक्तबोळ कुठल्या झाडाचा डिंक आहे, ते त्याचं व्यंकटीला ऐकवून झालं होतं.

"माय, पण पुढच्या येळवशीला काय करायचं? आबा आवतण माझ्याच नावानं देणार."

"देऊ दे. तू जा. वेल आन."

"आणि मुक्यानं आणली तर?"

"बोलायचं," धुरपताबाई म्हणाल्या. "दरसाली जायचं आन्‌ दरसाली बोलायचं. तुझे आबा हायेत तवर."

"काय बोलू?"

भांडं घासता घासता त्यांचा हात थांबला. ओसरीवर हणमंतराव शेषेरावांना पान देत होते. हाताच्या थरथरीनं चुना सांडत होता आणि दोघं कशालातरी खदखदून हसत होते.

"मला हाक मार," त्या म्हणाल्या. "ओढ्यापासनंच मार. लई मोठ्यानं. मला घरात ऐकू याया पायजे."